शिवेवरचा माणूस

तो माझ्याशी बोलला ते सगळं मिळून पाच-सहा वाक्यं असतील. तेवढ्यात त्याने आपल्या पाड्याचं नावही सांगितलं होतं. हे नाव मला आठवत नव्हतं असं मी नंतर तीन दिवस स्वतःला सांगत होतो. ते खोटं होतं.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक आहे. लोक आम्हाला मोजणीवाले म्हणतात. श्रावण संपत आला होता. जळगावहून तापी ओलांडून चोपड्याकडे जाताना दोन गावं लागतात, त्यांच्या मधल्या एका केळीच्या बागेच्या हद्दीची मोजणी चालू होती. दोन दिवसांचं काम होतं. पहिल्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला मी आणि माझ्याबरोबरचा शिपाई बांधावरच्या निंबाखाली उशिराचं जेवण आटोपत होतो, तेव्हा तो बागेतून बाहेर आला.

तिशीचा असेल. सातपुड्याच्या पायथ्याचा, पावरा आदिवासी. डोळे लाल, ओठ सुकलेले, अंगात ताप होता हे लांबूनही कळत होतं. केळी कापणाऱ्या टोळीबरोबर आला होता. सकाळपासून उभं राहवेना म्हणून मुकादमाने त्याला घरी जायला सांगितलं आणि टोळी ट्रकमध्ये बसून दुसऱ्या बागेवर निघून गेली.

"पानी हाय का, साहेब?"

मी बाटली दिली. त्याने तोंड न लावता वरून पाणी ओतून घेतलं आणि बाटली परत केली.

"कुठला तू?" मी विचारलं. त्याने पाड्याचं नाव सांगितलं, अडावदच्या वर, डोंगराला लागून. मग माझ्या गाडीकडे पाहून म्हणाला, "गाडी फाट्यालोक जाती का?"

फाटा चार किलोमीटरवर होता, पण उलट्या दिशेला. आम्हाला जळगावला परतायचं होतं. ऊन डोक्यात गेलं होतं, मोजणीचं मशीन आवरायचं होतं.

"आम्ही तिकडे नाही जात. चालत जा, फाट्यावर एसटी मिळेल."

तो "बरं" म्हणाला आणि गेला. माझ्या डब्यात दोन पोळ्या आणि वांग्याची भाजी उरली होती. तो निघण्याआधी, त्याच्यासमोरच, मी डब्याचं झाकण लावलं होतं. मुद्दाम नाही. सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच रस्त्यावर गर्दी दिसली. मोटारसायकली आडव्या लावलेल्या, दोन पोलीस गाड्या, दोन्ही गावांचे पोलीस पाटील. रस्त्याच्या कडेला एक प्रेत होतं आणि त्यावर कोणीतरी केळीचं मोठं पान टाकलं होतं. संध्याकाळी केव्हातरी एखाद्या गाडीने उडवलं असावं. गाडी थांबली नव्हती.

वाद चालला होता तो हद्दीचा. प्रेत बरोबर दोन गावांच्या शिवेजवळ पडलं होतं, आणि ही गावं दोन वेगवेगळ्या पोलीस ठाण्यांत येतात. हे म्हणत तुमची हद्द, ते म्हणत तुमची. दीड तास तेच चाललं होतं. फाट्याकडच्या गावचे पोलीस पाटील माझ्या ओळखीचे. सत्तरीला आलेले, सगळे त्यांना आबा म्हणतात. मला आलेला पाहून त्यांचा चेहरा खुलला आणि ते अहिराणीत म्हणाले,

"साहेब, तुम्ही ऊनात ते बरं व्हयनं! मोजी टाका. हाई आम्हनी शीव नई शे."

मी मोजलं. मशीन उभं केलं, शिवेचा जुना दगड गवतातून शोधून काढला, नकाशाशी मेळ घातला. प्रेत पलीकडच्या गावच्या हद्दीत साडेतीन मीटर आत निघालं. आबांनी सुटकेचा श्वास सोडला. पलीकडच्यांनी नाक मुरडलं, पण नकाशापुढे त्यांचं काही चालेना. पंचनामा सुरू झाला तसं एका पोलीस शिपायाने पान बाजूला केलं.

पायात एकच चप्पल होती. तोंडाला फारसं लागलं नव्हतं.

हवालदाराने सगळ्यांना विचारलं, "कोणी ओळखतं का?" लोकांनी माना हलवल्या. माझ्या शिपायाने माझ्याकडे पाहिलं. मी मशीनच्या पेटीचं कुलूप लावत राहिलो. पंचनाम्यात 'अनोळखी इसम' असं लिहिलं गेलं.

का बोललो नाही? जबाब, कोर्ट, तारखा, साहेबांची परवानगी, हे सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं, हे खरं आहे. पण त्याखाली आणखी एक गोष्ट होती. बोललो असतो तर पुढचा प्रश्न आला असता: मग तुम्ही त्याला काय म्हणालात?

शुक्रवारी दुपारी मी धुळ्याला, देवपुरात आईकडे गेलो. बायको मुलीकडे ठाण्याला गेली होती आणि जळगावच्या घरात एकट्याने राहवेना. गुरुवारच्या पेपरात दोन ओळींची बातमी आली होती, ओळख पटवण्याचं आवाहन होतं. पेपर घडी करून मी पिशवीत घातला आणि तो तिथेच राहिला.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी. माझे पपा पाटबंधारे खात्यात नोकरीला लागून धुळ्याला आले आणि इथलेच झाले. धुळ्यात आमचं एकच घर. "म्हणजे तुम्ही ख्रिश्चन का?" असं कोणी विचारलं की पपा शांतपणे म्हणायचे, "त्यांच्या आधीचे." प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, इथे दोन होते, ते आणि मी. मग पपांनी वेगळी वाट काढली. ते दर आठवड्याचा तोराचा, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाचा, भाग मराठीतून वाचत आणि जाड वहीत स्वतःला समजलेलं लिहून ठेवत. शनिवारी सकाळी मला बसवून ते वाचून दाखवत. मला मैदानावर क्रिकेटला जायचं असे. पपा गेल्यावर वह्या आईच्या कपाटात राहिल्या. मी त्यांना हात लावला नव्हता.

संध्याकाळी आईने तेलाचा दिवा लावला, डोळ्यांवर हात घेऊन पुटपुटली आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काय झालंय?"

ब्याऐंशी वर्षांची आहे. तिला कमी ऐकू येतं, दिसतं मात्र सगळं.

"काही नाही."

"मग भाकरीचा तुकडा हातात धरून का बसलायस?"

मी तिला सांगितलं. अपघाताचं सांगितलं, हद्दीचं सांगितलं, मोजणीचं सांगितलं. तो आदल्या दिवशी मला भेटला होता, एवढंच गाळलं. ती म्हणाली, "हे तुझ्या पपांनी वाचलं होतं रे. प्रेत सापडतं आणि मोजायला येतात."

तेव्हा मला आठवलं. मला नोकरी लागली तेव्हा पपा हसून म्हणाले होते, "तुझ्या खात्याचं काम आपल्या तोरातही आहे बरं का." मी तेव्हा फार लक्ष दिलं नव्हतं.

शनिवारी सकाळी आईने कपाट उघडून दिलं. अकरा वह्या होत्या. ते पान सापडायला तासभर लागला, कारण मध्येमध्ये मी दुसरंच वाचत बसत होतो. कापणी करताना शेताचे कोपरे कापायचे नाहीत, ते गरिबाचे आणि परक्याचे, यावर पपांनी चार पानं लिहिली होती. शेवटी हवं होतं ते सापडलं.

माझ्या शब्दांत सांगतो. उघड्या रानात एखाद्याचा मृतदेह सापडला आणि मारणारा कोण ते कळलं नाही, तर वडीलधाऱ्यांनी यायचं आणि तिथून आजूबाजूच्या गावांपर्यंतचं अंतर मोजायचं. जे गाव सगळ्यांत जवळचं, त्या गावच्या वडीलधाऱ्यांनी कधी जू न ठेवलेली कालवड घेऊन वाहत्या पाण्याच्या ओसाड घळीत जायचं. तिथे तिची मान मोडायची, तिच्यावर हात धुवायचे आणि सांगायचं की हे रक्त आमच्या हातांनी सांडलेलं नाही, आमच्या डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

खाली पपांनी जुन्या पंडितांची चर्चा लिहिली होती. त्यांनी विचारलं, गावच्या वडीलधाऱ्यांवर खुनाचा संशय कोण घेईल? मग ते असं का बोलतात? आणि त्यांनीच उत्तर दिलं: त्यांना म्हणायचं असतं की हा माणूस आमच्याकडे आला आणि आम्ही त्याला उपाशी लावून दिलं, असं झालेलं नाही. आम्ही त्याला पाहिलं आणि सोबत न देता एकटा जाऊ दिला, असं झालेलं नाही.

मी तिथेच थांबलो. ती ओळ पुन्हा वाचली.

पपांच्या गोल अक्षरात पुढे असं होतं: "प्रेत एखाद्या गावाच्या अगदी वेशीत सापडलं तरी मोजणी करायचीच, असं पंडित म्हणतात. उत्तर माहीत असूनही मोजायचं. कारण मोजणी सुटण्यासाठी नाही. कोणाची जबाबदारी ते गावाला उभं राहून ऐकवण्यासाठी आहे."

आणि आम्ही बुधवारी काय केलं होतं? तेच मोजलं होतं, त्यांच्यापेक्षा कितीतरी अचूक. प्रत्येकाला तो आपला नाही एवढंच सिद्ध करायचं होतं.

"सापडलं का?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं. आणि मग गाळलेलं सांगितलं. पाणी, फाटा, गाडी, डबा, पाड्याचं नाव.

आई ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पदराने हात पुसले, माझ्यासमोर बसली आणि विचारलं, "तीन दिवस झाले?"

"हो."

"म्हणजे त्याच्या घरी अजून माहीत नाही."

"नाही."

"फोन कर."

"आज शब्बाथ आहे, आई." हे मी म्हणालो. शब्बाथ म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी फोनही करायचा नसतो; पण ज्याने गेल्या दहा वर्षांत एक शब्बाथ धड पाळला नाही, त्या मला त्या दिवशी शब्बाथ आठवला.

"शब्बाथ देवाचा आहे, देव बघून घेईल," आई म्हणाली. "तिकडे कोणीतरी दाराकडे डोळे लावून बसलं असेल. कर फोन."

मी पोलीस ठाण्यात फोन लावला.

ठाणे अंमलदाराने आधी नाव, खातं, हुद्दा विचारला आणि मग म्हणाला, "साहेब, तुम्ही तर तिथेच उभे होतात." मी हो म्हणालो. मग पाड्याचं नाव सांगितलं.

रविवारी मी जळगावला सरकारी दवाखान्यात गेलो. पोलिसांनी पाड्यावरून त्याच्या वडिलांना आणलं होतं. बारीक अंगाचा म्हातारा, डोक्याला फेटा, हातात काठी. ओळख पटवून तो बाहेर आला आणि व्हरांड्यात भिंतीला टेकून खालीच बसला. बाकडं रिकामं होतं तरी खाली बसला. आमच्यातही घरी मरण झालं की सात दिवस असंच जमिनीवर बसतात. आणि भेटायला आलेल्याने, दुःखातला माणूस बोलेपर्यंत, आपण होऊन बोलायचं नसतं. मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसलो. दवाखान्यात तसं बसलेलं पाहून येणारे-जाणारे बघत होते.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "तू कोन, साहेब?"

"तो शेवटचा माझ्याशी बोलला होता, बाबा."

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "काय बोलला?"

मी सगळं सांगितलं. गाडीने जाता आलं असतं, तेही सांगितलं. नंतर म्हाताऱ्याने विचारलं, "त्याने खाल्लं व्हतं का?"

मला वाटलं होतं की तो चिडेल, शिव्या देईल, काठी उगारेल. त्या सगळ्याची मी तयारी केली होती. या प्रश्नाची केली नव्हती.

"माहीत नाही. माझ्याकडे डबा होता. मी दिला नाही."

"पानी?"

"पाणी दिलं."

"मंग पानी पिऊन गेला," तो म्हणाला. मला उद्देशून नाही. समोरच्या भिंतीकडे पाहत, स्वतःशी. त्याने मला माफ केलं असा याचा अर्थ मी लावत नाही. त्याला मुलाबद्दल काहीतरी हातात धरायला हवं होतं, ते त्याने धरलं, इतकंच.

शववाहिकेत ड्रायव्हर आणि म्हातारा दोघंच जाणार होते. मी म्हणालो, मी येतो. म्हाताऱ्याने ये म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. अडावदच्या पुढे रस्ता खडीचा झाला, मग खडीही संपली. पाड्यावर लोक वाट पाहत होते. त्यांच्या रीतीप्रमाणे सगळं होत असताना मी लांब, मक्याच्या कडेला उभा होतो. त्याची बायको कोण ते मला कोणी दाखवलं नाही आणि मी विचारलं नाही. रडण्याचा आवाज आला त्यावरून कळलं.

सोमवारी माझा जबाब झाला. फौजदारांनी, "तीन दिवस गप्प का?" असं तीनदा विचारलं आणि तीनदा मी एकच उत्तर दिलं, "भीती वाटली." ते लिहून घेतलं गेलं. कार्यालयातून लेखी खुलासा मागवला गेला. बरोबरीचा एक जण म्हणाला, "तुला कोणी विचारलंही नव्हतं. स्वतःहून कशाला मान पुढे केलीस?" त्याचं चुकलं असं म्हणायची हिंमत मला होत नाही, कारण बुधवारी माझंही तेच मत होतं. धडक देणारी गाडी आजतागायत सापडलेली नाही.

पुढच्या आठवड्यात मी पपांच्या त्या पानाची झेरॉक्स घेऊन आबांकडे गेलो. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर ते एकटेच बसले होते. मी वाचून दाखवलं. आबांनी डोळे मिटून ऐकलं.

"हाई तुम्हना पोथीमा लिखेल शे?"

"हो, आबा."

"आनि त्या गोऱ्हीले काब्रं मारं? तिना काय गुन्हा?"

त्या कालवडीला का मारायचं, हा प्रश्न मलाही पडला होता, आणि पपांच्या वहीत त्याचं मला पटेल असं उत्तर नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं की ज्याने अजून काहीच केलेलं नाही अशा जिवाची हानी डोळ्यांनी पाहावी लागते, म्हणजे गेलेल्या माणसाने पुढे काय काय केलं असतं ते लोकांना कळतं. मी आबांना तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही.

मग त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. तिकडेच बघत म्हणाले, "तो मन्हा दारवरथून गया व्हता."

मला आधी समजलंच नाही. मग ते मराठीत बोलू लागले, जणू जबाबच देत होते. फाट्याचा रस्ता आबांच्या गावातून जातो. त्या दिवशी संध्याकाळी तो माणूस त्यांच्या घराच्या ओट्यावर टेकला होता. आबांना वाटलं प्यायलेला आहे. त्यांनी त्याला उठवून लावलं. भेदरून किंवा तापाच्या भरात तो उलट्या दिशेने, आला त्याच वाटेने परत गेला असावा. नाहीतर शिवेवर कशाला सापडला असता?

"आणि तुम्ही त्याला सकाळी ओळखलंत?" मी विचारलं.

"तुम्ही वळखं ना?" आबा म्हणाले.

आम्ही दोघं ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसलो होतो. एकाने हद्द मोजून मागितली होती आणि दुसऱ्याने मोजून दिली होती. पपांच्या वहीतले वडीलधारे घळीत उभे राहून जे म्हणायचे, ते आमच्यातला एकही जण म्हणू शकत नव्हता.

त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हा कायदा खुन्यांसाठी नसून आमच्यासारख्यांसाठी लिहिला असावा. हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी ओळखलं होतं की माणसं असं करतील. ताप असलेल्याला दारुडा समजतील, डब्याचं झाकण लावतील, आणि सकाळी मोजमाप घेऊन येतील. ओळखूनही त्याने माणसांचा नाद सोडला नाही. त्यांना एक काम लावून दिलं: या, मोजा, उभे राहा, तोंडाने बोला. मला यात थोडी आशा दिसते. ती फार मोठी आहे असं मी म्हणणार नाही.

आबांनी गावात बैठक घेतली. पहिल्या बैठकीला पाच जण आले. तिथे त्यांनी ओट्याची गोष्ट स्वतः सांगितली, आणि सत्तर वर्षांच्या माणसाने भर सभेत असं सांगितल्यावर दुसऱ्या बैठकीला लोक वाढले. ठरलं ते एवढंच की केळी कापायला आलेला कोणी आजारी पडला तर ज्याची बाग त्याने त्याला गाडीवर बसवून फाट्यावर न्यायचं, आणि एसटी येईपर्यंत कोणीतरी थांबायचं. दोन-चार शेतकरी ते पाळतात. बाकीचे हो म्हणतात. पलीकडच्या गावच्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, मरण आमच्या हद्दीत झालं, पण माणूस तुमच्या गावातून आला होता. तो वाद तिथेच राहिला. मला आता कोणी मोजणीला बोलावलं नाही.

दरफळणीच्या सणाला आम्ही दिवसभर उपास करतो आणि वर्षभराचे गुन्हे कबूल करतो. त्या दिवशी मी देवपुरात होतो. प्रार्थनेला दहा माणसं नव्हतीच, आई आणि मी पुस्तक मध्ये ठेवून जमेल तेवढं म्हटलं. देवाविरुद्धचे गुन्हे देव त्या दिवशी माफ करतो; माणसाविरुद्धचा गुन्हा मात्र त्या माणसाकडे जाऊन मिटवावा लागतो, तिथे देवही मध्ये पडत नाही. आणि तो माणूसच उरला नसेल तर?

"वहीत बघ," आई म्हणाली.

पपांनी लिहिलं होतं: दहा जणांना घेऊन त्याच्या थडग्यापाशी जायचं आणि सगळ्यांसमोर बोलायचं. मी पाड्यावर लांब उभा होतो, तेव्हा बोललो नव्हतो. आबांना फोन केला. ते म्हणाले, मी येतो, पण दहा कुठून आणायचे? माझा शिपाई येतो म्हणाला. पहिल्या बैठकीला आलेल्यांपैकी तिघं तयार झाले. म्हणजे मला धरून सहा. सहा धरतात का हे मला माहीत नाही, आणि विचारायला धुळ्या-जळगावात कोणी नाही.

सणानंतरच्या रविवारी आम्ही सहाजण गेलो. म्हातारा मका सोलत बसला होता. कशाला आलो ते आबांनी सांगितलं. तो उठला आणि आम्हाला ती जागा दाखवायला पुढे चालू लागला. तिथे मी बोललो, आबा बोलले. शिपाई नुसता रडला. म्हातारा काठीवर हात ठेवून ऐकत होता. सगळं झाल्यावर त्याने विचारलं की कोर्टाचा कागद आलाय, त्यात काय लिहिलंय. मी वाचून सांगितलं: गाडी सापडली नसली तरी मिळणाऱ्या भरपाईच्या अर्जावर तारीख लागली होती.

पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे. त्या दिवशी म्हाताऱ्याला पाड्यावरून न्यायचं आणि परत सोडायचं, हे माझ्याकडे आहे. सकाळी किती वाजता निघावं लागेल, याचा अंदाज घ्यायला या शनिवारी एकदा जाऊन येणार होतो. आई म्हणाली रविवारी जा, तर रविवारी जाईन.